तुमचे ‘नको’ माझ्या नावावर

आप्पा, तुमच्या दशक्रियेला नदीकाठी माइक लावला होता. आपल्याकडे लावतातच. पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत लोक बसलेले असतात आणि तोवर श्रद्धांजलीची भाषणे होतात. आधी जिल्ह्याचे पुढारी, मग तालुक्याचे, मग सोसायटीचे, मग भावकी, अशा उतरत्या क्रमाने सगळे बोलले. प्रत्येकाने तुमच्या आवाजाची आठवण काढली. एक जण म्हणाला, आप्पा शेवटपर्यंत बोलत होते. दुसरा म्हणाला, आप्पांनी सुनेला लेकीसारखे जपले, शिरूरला नोकरी करू दिली आणि त्याच सुनेने त्यांची वाचा परत आणली.

यातले काहीच खरे नाही. मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केले आहे. चुकीचे छापून गेले की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची, ही तिथली पद्धत. ही ती दुरुस्ती समजा. ती तुम्हालाच उद्देशून लिहिते आहे, कारण तुमच्याविषयी मागे बोलण्याची मला सवय नाही. जे बोलले ते तोंडावर. तुम्हीही तसेच.

तुम्ही मला नोकरी करू दिली नाहीत. मी ती केली. आमच्या वर्तमानपत्राची तालुक्यांची आवृत्ती बंद झाली आणि राज्यशास्त्राची पदवी व पत्रकारितेची पदविका घेऊन मी न्हावऱ्यात घरी बसले. स्कूटीवर जाता-येता येईल असे काम शिरूरमध्ये शोधत होते. एका पुनर्वसन केंद्राला वाचा उपचारासाठी सहायक हवी होती. पदवी कोणतीही चालेल, ऐकून घेण्याची तयारी हवी, असे तिथल्या मॅडम म्हणाल्या. मॅडम स्वतः वाचा उपचारतज्ज्ञ. त्यांचे मुख्य केंद्र दौंडला, शिरूरला त्या ठरलेल्या वारी यायच्या. तपासणी त्यांची, निदान त्यांचे, काय करून घ्यायचे तेही त्याच ठरवणार. ते रोज करून घ्यायचे आणि काय दिसले ते त्यांना कळवायचे, एवढे माझे काम. सुरुवातीला कित्येक आठवडे मी नुसती शेजारी बसून पाहत होते. समोरच्याचा शब्द अडला की आपण तो पुरवायचा नाही, थांबायचे, हे शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. डेस्कवर बरोबर उलटे होते.

तुमची आवृत्ती वेगळी होती. ओट्यावर पाहुणे बसले की तुम्ही मला चहा घेऊन बोलवायचात आणि मी ट्रे ठेवते न ठेवते तोच सुरू करायचात.

“ह्या आमच्या सूनबाई. आदी पेपरात व्हत्या, मंत्र्यासंत्र्यांच्या चुका काढायच्या. आता बोबड्यांच्या बालवाडीत हायेत.”

पाहुणे हसायचे. तुम्हाला तेवढ्याने पुरायचे नाही.

“राज्यशास्त्र शिकली आन् पोरांची लाळ पुसती. ज्याची पदवी त्यानं त्येच काम करावं. न्हायतर उद्या कंपाउंडर पोट फाडंल.”

एकदा मी विचारले, “आप्पा, तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात भिर्र म्हणायला?”

पाहुणे या वेळी जास्त हसले. कारण आसपासच्या पाच-पंचवीस गावांत बैलगाडा शर्यतीचा माइक तुमच्याच हातात असायचा. गाडा सुटला की तुमचे ते ठरलेले वाक्य यायचे, “बैल सुटलं, धूळ उठली, बाजूला व्हा मंडळी… भिर्रर्र!” लोक गाड्याइतकेच तुमच्यासाठी यायचे. त्या दिवसानंतर तुम्ही माझ्याशी बोलणे बंद केलेत. मी समोर उभी असताना सासूबाईंना सांगायचात, “तिला म्हणावं, चहात साखर कमी पडली.” मी सासूबाईंना सांगायचे, “त्यांना म्हणावं, डॉक्टरांनी तेवढीच सांगितलीय.” सासूबाई मधे उभ्या राहून म्हणायच्या, “मी काय टेलिफोन हाय का?”

कंपाउंडरच्या टोमण्यात तथ्य होते. जिथे आपले काम संपते तिथे न थांबणारा सहायक खरोखर धोक्याचा असतो. हे मला तुमच्याकडून ऐकायचे नव्हते, म्हणून मी ते मानले नाही. वाद तसाच राहिला.

मग एका सकाळी गोठ्यात तुमचा उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द येईना. पुण्याच्या रुग्णालयात तुम्ही जगलात. नाकात नळी होती. ती तुम्ही डाव्या हाताने उपसायला जायचात म्हणून तो हात पलंगाला बांधला होता. भेटीच्या वेळेत मी आत आले की तुम्ही त्या बांधलेल्या हाताकडे पाहायचात, मग माझ्याकडे. घरी आलात तेव्हा चालणे थोडे परत आले होते, बोलणे नाही. दौंडला मॅडमनी तपासले. समोर किल्ली, कंगवा आणि पेला ठेवून त्या नाव घेतील ती वस्तू तुम्ही उचलायची होती. तिन्ही बरोबर उचललीत. मॅडम म्हणाल्या, हा वाचाघात आहे. मेंदूला इजा झाल्यामुळे शब्द सापडत नाहीत. साधे, छोटे बोलणे यांना समजते, लांबले की निसटते. रोज सराव हवा, आणि सहायक तर यांच्या घरातच आहे.

तुम्ही तोंड फिरवलेत. हे काम मलाही नको होते, हे इथे नोंदवते.

घरी पहिली हरकत सासूबाईंनी घेतली. “सासऱ्याच्या म्होरं खुर्ची टाकून बसणार? आन् जीभ काढा म्हणणार?”

“म्हणावंच लागेल, आत्या. तोंड दिसल्याशिवाय कसं करायचं?”

“आगं, मी अजून त्यांच्या म्होरं बसून जेवली न्हाई.”

मी खुर्ची टाकली. डोक्यावर पदर घेतला, तो सारखा घसरत राहिला. तुम्ही भिंतीकडे वळलात. त्या भिंतीला लोखंडी कपाट होते आणि कपाटाला लांब आरसा. त्यात तुम्हाला मी दिसले आणि मला तुम्ही. मी उठून खुर्ची तुमच्या शेजारी नेली आणि आरशात पाहून म्हटले, “आप्पा, ओठ असे गोल करा.” तुम्ही बराच वेळ पाहिलेत. मग केलेत. पुढचे सगळे काम आपण तसेच केले, शेजारी बसून, एकमेकांना आरशात पाहत. समोरासमोर बसायची वेळ आली नाही, त्यामुळे कुणालाच कमीपणा आला नाही. सराव झाला की तुम्ही आरशातल्या मला हाताने ‘जा’ म्हणायचात. मी जायचे.

एका दुपारी शेजारच्या कुणीतरी मोबाइलवर शर्यतीचा आवाज लावला. तुम्ही पलंगावर ताठ बसलात आणि तुमच्या तोंडून ते वाक्य अख्खे बाहेर पडले. बैल सुटलं, धूळ उठली, सगळे, शेवटच्या भिर्रपर्यंत. घर धावत आले. दिगंबरने, म्हणजे तुमच्या मुलाने, माझ्या नवऱ्याने, पेढे आणले. संध्याकाळपर्यंत अर्धी आळी ऐकून गेली. लोक मोबाइल पुढे करायचे, तुम्ही म्हणायचात, लोक टाळ्या वाजवायचे. रात्रीच्या जेवणाला तुम्हाला पाणी हवे होते. तुम्ही पेल्याकडे बोट केलेत, शब्द आला नाही.

सासूबाई चिडल्या. “गावाला ऐकवाया येतं आन् घरात पाणी मागाया येत न्हाई? ढोंगं नुसती!”

हा समज आपल्याच घरात होऊ शकत होता. दुसऱ्या घरात रुग्ण गप्प असतो, इथे तो माइकवर असल्यासारखा गर्जत होता. मी सगळ्यांना बसवून समजावले. हजारदा म्हणून पाठ झालेले वाक्य आपोआप बाहेर पडते, त्यामागे सांगण्याची इच्छा असेलच असे नाही. शिवी, आकडे, आरती, सगळे असेच येऊ शकते. ते तोंडातून आले म्हणजे माणूस बोलला असे नाही. दिगंबरने नीट ऐकून घेतले. त्याने फारच नीट ऐकले होते, हे मला पुढे कळले.

पहिला शब्द कोणता शिकवायचा यावरून घरात वाद झाला. केडगावला दिलेली तुमची लेक, सुनीताताई, म्हणाली, आधी देवाचे नाव शिकव. दिगंबरला नातवाचे नाव हवे होते. मॅडमचे म्हणणे वेगळे होते. ज्या शब्दाने घरात त्यांचे काही चालेल तो शब्द आधी. मी ‘नको’ निवडला. मॅडमनी मान्य केला.

त्यासाठी मी रोज तुमच्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवत होते. तुमचा चेहरा काय व्हायचा ते आरशात दिसायचे. मी म्हणायचे, “नको?” आणि थांबायचे. चहावर साय यायची. तुम्ही कप ढकलायचात, मी तो परत जवळ आणायचे. हे किती चालले असते कोण जाणे. एक दिवस तुम्ही ओठ आवळलेत, मान ताठ केलीत आणि थुंकीसकट शब्द आला, “न्‌… को!” थुंकी आरशावर उडाली. मी कप उचलला आणि आत नेला. आमचा नियम असा की शब्द आला की वस्तू तत्काळ बाजूला करायची. कौतुक नंतर. शब्दाने काम होते हे माणसाला दिसले पाहिजे, नाहीतर तो परत कशाला म्हणेल?

मग तुम्ही सुटलात. दुधी नको, अंघोळ नको, न्हावी नको. तुमच्यासोबत फोटो काढायला एक पुढारी हार घेऊन आला, त्याचा हार तुमच्या गळ्यात पडायच्या आधी तुम्ही इतक्या स्पष्ट उच्चारात ‘नको’ म्हणालात की तो हार त्याने स्वतःच्या हातावर गुंडाळून परत नेला. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. मला पाहूनही ‘नको’ म्हणायचात. मी खुर्ची मागे घ्यायचे, थोड्या वेळाने परत यायचे. त्या अबोल्यानंतर मला थेट उद्देशून म्हटलेला, मधे सासूबाई नसलेला, तुमचा तो पहिला शब्द होता. मला तो आवडत होता. हे तुम्हाला सांगितले नाही, सांगायचे कारणही नव्हते.

पुढे घास श्वासनलिकेत जाऊ लागला, छातीत कफ भरला, ताप चढला. शिरूरच्या डॉक्टरांनी घरी येऊन पाहिले आणि पुण्याला हलवा म्हणाले. नळी घालावी लागेल, कदाचित श्वासाच्या यंत्रावरही ठेवावे लागेल. वाचतील का, तर सांगता येत नाही. अॅम्ब्युलन्स दारात आली. सुनीताताई केडगावहून पोचली होती. दिगंबर तुम्हाला उचलायला वाकला आणि तुम्ही म्हणालात, “नको.”

त्याने हात मागे घेतला. परत पुढे केला. “नको.”

“आप्पा, असं करू नका,” ताई रडत म्हणाली. “नेलं पायजे. चल रं, उचल.”

मी म्हटले, “ते नको म्हणतायत.”

दिगंबर माझ्याकडे वळला. “तूच सांगितलं व्हतं ना? आपोआप येतं म्हणून. भिर्रसारखं. दिवसभर सगळ्यालाच नको म्हणत्यात ते. मग आता ह्ये खरं कशावरून?”

त्याचा प्रश्न योग्य होता. माझेच स्पष्टीकरण त्याने माझ्यापुढे ठेवले होते. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “फोनवरून मी काही सांगू शकत नाही. निर्णय डॉक्टरांचा आणि घरच्यांचा. तो तू घेऊ नकोस. पण समजतंय का, एवढं पाहता येतं. प्रश्न उलटून विचार. उत्तर माहीत असलेले प्रश्न मधे घाल. फक्त शब्दावर जाऊ नकोस.”

मी विचारले, “आप्पा, ह्या तुमच्या बहीण का?” सासूबाईंकडे बोट केले. तुम्ही माझ्याकडे असे पाहिलेत की त्या तापातही ओट्यावरचे दिवस आठवावेत, आणि मान हलवून नकार दिलात. “हा दिगंबर का?” होकार. “पुण्याला जायचं?” नको. “घरी राहायचं?” होकार. थोडे थांबून परत, आधी घर, मग पुणे. तेच. मग चित्रांची कार्डे आणली, एका हातात घर, एका हातात रुग्णालय. तुम्ही डाव्या हाताने रुग्णालयाचे कार्ड माझ्या हातातून ओढलेत आणि पलंगाखाली टाकलेत. डेस्कवर एका तोंडच्या माहितीवर बातमी लावत नव्हतो. इथे शब्द, मान आणि हात, तिघांनी एकच सांगितले.

“त्यांना कळतंय,” मी म्हटले.

एवढेच म्हटले. नेऊ नका, असे मी म्हटले नाही. पण त्या खोलीत त्या दोन शब्दांना तोच अर्थ होता आणि तो मला माहीत होता. मी तुम्हाला शिकवले होते की हा शब्द चालतो. चहाला चालतो, हाराला चालतो, आणि नळी आली की चालत नाही, असे सांगायला माझी जीभ वळली नाही. डॉक्टरांनी स्वतः दोनदा विचारून पाहिले, बाहेर नेऊन आम्हा सगळ्यांशी चर्चा केली आणि घरीच औषधे सुरू केली. ऑक्सिजनची टाकी आणवली. तुम्ही आपल्याच पलंगावर प्राण सोडलात. हात मोकळे होते.

दशक्रियेची भाषणे संपल्यावर, घाटाच्या पायऱ्यांवर, सुनीताताईने मला गाठले. आजूबाजूला माणसे होती, तिने आवाज खाली आणला नाही.

“तुजी डिग्री कशाची गं? राज्यशास्त्राची ना? आन् माज्या बापाला काय कळतं, त्ये तू ठरवलंस?”

 तिचा प्रश्न तुमचाच प्रश्न होता, ओट्यावरचा. तुम्ही गेलात आणि तो तिच्याकडे ठेवून गेलात. राग मला याचा आहे. जिवंतपणी तुम्ही मला या कामाला नालायक ठरवलेत आणि जाताना त्याच कामाच्या भरवशावर निघून गेलात. मॅडम नाही, डॉक्टर नाही, पोटचा मुलगा नाही. साक्ष देण्यासाठी तुम्हाला बोबड्यांची बालवाडीच लागली.

आणि साक्ष अपुरी होती. पुणे की घर, हे मी विचारले. न जाण्याचा अर्थ काय होतो हे कळते का, असे विचारले नाही. ते विचारायला कार्ड नव्हते. आमच्या संचात पाणी आहे, औषध आहे, दुखणे आहे, संडास आहे. मरणाचे चित्र नाही. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिलेत. ताई विचारते आहे तो प्रश्न दुसरा आहे.

तेरावा झाला, पाहुणे गेले. सासूबाई उरलेले तांदूळ डब्यात भरत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “तिचं मनाला लावून घिऊ नगंस.”

“लावून घेतलेलं नाही.”

“घेतलंय. मी आंधळी न्हाई.” मग डब्याचे झाकण लावून म्हणाल्या, “मी इचारलं व्हतं त्यांना.”

“काय?”

“तुम्ही समदी डाक्टरसंगं भाईर बोलत व्हता तवा. कानापाशी गेली आन् म्हणलं, अवो, न्हाई गेलात तर ऱ्हात न्हाई तुमी. हितंच संपंल. चालंल का?”

मी थांबले. शब्द पुरवायचा नाही.

“नको म्हणलं न्हाईत,” त्या म्हणाल्या. “ऊठसूट नको म्हणणारं माणूस. परत इचारलं. तरी गप. माजा हात धरला आन् डोळं मिटलं. कदी धरला नव्हता, पोरी. लग्नात धराया लावला तेवढाच.”

“मग ताईंना का नाही सांगितलं?”

“कसं सांगू? आईनंच बापाला जाऊ दिलं म्हणंल. माज्या तोंडातनं न्हाई निघायचं त्ये. तू लिव्ह. पेपरवाली हायस ना? तू लिव्ह, ती वाचंल.”

आमच्या कामात गप्प राहणे हे उत्तर धरत नाहीत. मॅडमना कळवताना मी ते उत्तर म्हणून लिहिले नसते. इथे घडले तसे लिहिते आहे आणि ते काय होते हे ताईने ठरवावे. मी इतकेच सांगू शकते की तो प्रश्न विचारला गेला होता, ज्यांनी विचारायला हवा त्यांनी, आणि चित्राशिवाय. तुम्हाला तो हात माझ्या देखत धरता आला असता. मग त्या पायऱ्यांवर मला बोलायला काही उरले असते. पण तुम्ही सुनेसमोर असे काही करणाऱ्यातले नव्हतात.

आता ही दुरुस्ती छापायला देते आहे. ताई वाचेल. ओट्यावर बसणारे पाहुणेही वाचतील. हे छापू का, असे तुम्हाला विचारलेले नाही. उत्तर मला माहीत आहे, आणि या वेळी मी कप आत नेणार नाही.